रूपकाआड गेलेले पद : यशवंतराव चव्हाणांचे संरक्षणमंत्रिपद आणि मराठी लेखन

भारताच्या संरक्षणमंत्रिपदाविषयीचे मराठी लेखन बहुतांशी एका व्यक्तीभोवती व एका वाक्याभोवती फिरते. ‘हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावून गेला’ हे ते वाक्य होय. गौरवग्रंथ, जयंतीनिमित्तची भाषणे आणि पाठ्यपुस्तकी परिचय यांत यशवंतराव चव्हाणांची दिल्लीतील कारकीर्द याच रूपकाने सुरू होते आणि पुष्कळदा तेथेच संपते. या रूपकाने पदाचा इतिहास झाकला, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

रूपक तपशिलालाही पुरते उतरत नाही. चव्हाणांनी २१ नोव्हेंबर १९६२ रोजी सूत्रे हाती घेतली आणि त्याच दिवशी चीनने एकतर्फी युद्धविराम जाहीर केला. तेव्हा त्यांच्या वाट्याला युद्ध आले नाही. आले ते पराभूत सैन्य आणि अविश्वासाने ग्रासलेले मंत्रालय.

हा अविश्वास कोठून आला, हे पदाच्या घडणीकडे पाहिल्यावाचून कळत नाही. ब्रिटिश अमदानीत सरसेनापती स्वतःच व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचा सदस्य असे. १९४६ च्या हंगामी सरकारात सरदार बलदेवसिंग यांच्या रूपाने हे खाते प्रथमच लोकनेत्याकडे आले. संविधानाने सैन्याचे सर्वोच्च अधिपत्य राष्ट्रपतींकडे ठेवले, तर प्रत्यक्ष उत्तरदायित्व मंत्रिमंडळाकडे. १९५५ मध्ये ‘सरसेनापती’ हे नामाभिधान जाऊन तिन्ही दलांचे प्रमुख ‘चीफ ऑफ स्टाफ’ झाले. नाव बदलले, पण मंत्री, सचिव आणि सेनाप्रमुख यांच्यातील सीमारेषा अस्पष्टच राहिली. १९५९ मध्ये जनरल थिमय्यांनी राजीनामा दिला व तो मागे घेतला, त्यातून कृष्ण मेनन यांच्या काळातील हा पेच उघड झाला.

या पार्श्वभूमीवर चव्हाणांचे खरे कार्य दिसते, आणि ते दिसायला अगदी साधे आहे. तिन्ही दलप्रमुख व वरिष्ठ सचिव यांना दररोज सकाळी एकत्र बसवण्याचा प्रघात त्यांनी पाडला. धोरण मंत्र्याने ठरवावे आणि रणांगणातील निर्णयांत सेनानींना मोकळीक असावी, ही विभागणी अशा बैठकांतून रुजत गेली. १९६४ ते १९६९ या काळासाठीच्या पंचवार्षिक संरक्षण योजनेत ८,२५,००० चे भूदल आणि ४५ स्क्वाड्रनचे वायुदल यांचे उद्दिष्ट ठेवले गेले. १ सप्टेंबर १९६५ रोजी छांब येथे पाकिस्तानी रणगाडे पुढे सरकले, तेव्हा वायुदल वापरण्याची अनुमती चव्हाणांनी काही मिनिटांत दिली. हा प्रसंग चरित्रकार धाडसाचा म्हणून रंगवतात. परंतु जनरल चौधरी व एअर मार्शल अर्जनसिंग यांच्याशी नित्य सहवासात जुळलेला विश्वास पाठीशी नसता, तर एवढ्या अल्पावधीत तो निर्णय झाला असता काय? हा प्रश्न मराठीत क्वचितच विचारला जातो.

दुसरी, अधिक अप्रिय बाजूही आहे. १९६२ च्या पराभवाच्या हेंडरसन ब्रूक्स-भगत चौकशीची कक्षा लष्करी बाबींपुरती मर्यादित होती; मंत्रालयाची व राजकीय नेतृत्वाची जबाबदारी तिच्याबाहेर राहिली. चव्हाणांनी २ सप्टेंबर १९६३ रोजी संसदेत निवेदन केले, पण अहवाल सभागृहापुढे ठेवला नाही. सैन्याचे मनोधैर्य जपण्याची निकड त्या वेळी खरी होती, हे मान्य करावेच लागेल. तथापि पुढे पदावर आलेल्या प्रत्येकाने तीच गुप्तता चालवली. संसदेला उत्तरदायी असणाऱ्या पदाच्या इतिहासातील ही मोठी उणीव गौरवपर लेखन सहसा ओलांडून जाते.

चव्हाणांच्या स्वतःच्या लेखणीतून याचे उत्तर मिळाले असते. परंतु ‘कृष्णाकाठ’ (१९८४) १९४६ पाशी थांबते आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचे तेव्हाचे खाजगी सचिव राम प्रधान यांनी चव्हाणांच्या युद्धकालीन दैनंदिनीवर आधारलेले पुस्तक २००७ मध्ये इंग्रजीत सिद्ध केले. निर्णयाच्या दालनातील ताण त्यात प्रत्ययास येतो. मात्र सचिवाची निष्ठा पानोपानी जाणवते, आणि जेथे मंत्र्याची उलटतपासणी हवी तेथे लेखक हात आखडता घेतो. तरीही मूळ साधन म्हणून त्याचे मोल मोठे आहे. मराठी अभ्यासकांनी ते संसदेतील कामकाजाच्या अहवालांशेजारी ठेवून वाचणे, हे काम बाकी आहे. जानेवारी २०२० मध्ये संरक्षणदलप्रमुख हे पद व सैन्य व्यवहार विभाग निर्माण झाल्याने मंत्री, सचिव व सेनानी यांचे नाते पुन्हा नव्याने आखले गेले आहे. चव्हाणांच्या त्या सकाळच्या बैठकांची नोंद अभ्यासण्याचे प्रयोजन त्यामुळे वाढलेच आहे.