‘पॅथोजेन’ लिहिण्याआधी थोडं थांबा

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टमध्ये मी एक वाक्य मोठ्या थाटात लिहिलं होतं: ‘पाण्याच्या नमुन्यांतून तीन पॅथोजेन मिळाले.’ मॅडमनी समासात लाल पेनने एवढंच लिहिलं, ‘यांनी कोणाला आजारी पाडलं?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्लेटवरच्या कॉलनी बघून, चार बायोकेमिकल टेस्ट करून मी जीवाणूंना नावं दिली होती. रोग कुठे दाखवला होता? आता इतरांच्या सिनॉप्सिस वाचताना हीच चूक पुन्हा पुन्हा दिसते, म्हणून हे लिहितेय.

ग्रीकमध्ये ‘पॅथोस’ म्हणजे पीडा, आणि ‘जेन’ म्हणजे निर्माण करणारा. मराठीत ‘रोगजंतू’ आणि ‘रोगकारक’ दोन्ही चालतात. माझ्या मते ‘रोगकारक’ बरा. ‘जंतू’ म्हटलं की जीवाचा एखादा प्रकार वाटतो. ‘कारक’ म्हटलं की काम कळतं. आणि पॅथोजेन हे कामाचंच नाव आहे. आमच्या कोडोलीकडे शिवारभर ऊस असतो, तेच उदाहरण घ्या. उसावरची काणी बुरशीमुळे होते, मोझॅक विषाणूमुळे, गवताळ वाढ फायटोप्लाझ्मामुळे. तिघांचं आपसात काही नातं नाही, तरी तिघेही रोगकारक. पण काणीला प्रतिकारक जात लावली, तर तीच बुरशी तिथे फारसं काही करू शकत नाही. म्हणजे हा शब्द एकट्या सूक्ष्मजीवाचा नाही. यजमान आणि परिस्थितीही त्यात आली.

आता पटकीचं बघा. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कोलकात्यात व्हिब्रिओ कॉलरी वेगळा केला. पुढे १९५९ मध्ये कोलकात्यातच शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्यावर प्रयोग करून पटकीचं टॉक्सिन दाखवून दिलं. १९९६ मध्ये वाल्डोर आणि मेकालानोस यांनी दाखवलं, की त्या टॉक्सिनची जनुकं एक बॅक्टेरिओफाज घेऊन येतो. ती जनुकं नसलेले व्हिब्रिओ कॉलरी पाण्यात असतातच. मग नुसतं प्रजातीचं नाव सापडलं म्हणून ‘पटकीचा पॅथोजेन मिळाला’ असं कसं लिहिणार?

कोणी म्हणेल, कॉखचे निकष आहेत की! आहेत, पण तेही पुरे पडत नाहीत. लक्षणं नसलेले वाहक असतात, आणि विषाणू तर नुसत्या माध्यमावर वाढतच नाहीत.

हा शब्दांचा कीस नाही. तुमच्या प्रबंधातल्या ‘पॅथोजेन’ची उद्या ‘नदीत रोगजंतू’ अशी बातमी होते आणि गाव घाबरतं. उलट, रोग सिद्ध झाला नाही म्हणजे पाणी सुरक्षित, असंही नाही.

म्हणून साधा नियम ठेवा. प्लेटवर मिळालं ते ‘आयसोलेट’. टॉक्सिनची जनुकं सापडली तर ‘संभाव्य रोगकारक’. आणि ‘रोगकारक’ लिहायचंच असेल, तर कोणता स्ट्रेन, कोणता यजमान आणि कोणती परिस्थिती, हे त्याच वाक्यात लिहा. व्हायव्हात पहिला प्रश्न यावरच येऊ शकतो. मला तो समासातच विचारला गेला, हे माझं नशीब!