पटरचं तोंड

आषाढातल्या पावसानं आचऱ्याच्या आमच्या खळ्यावर शेवाळ धरलं होतं आणि ओटीवरच्या टीव्हीवर टोकियो ऑलिंपिकचं गोल्फ चाललं होतं. 2021 सालची गोष्ट. पुण्याचा उदयन माने खेळतोय एवढ्या आपलेपणावर, गोल्फमधलं काडीचंही न कळणारा मी समोर बसलो, आणि मन गुंतलं ते उत्तुंग टोल्यांत नव्हे, तर ग्रीनवर वाकून चेंडू भोकाकडे अलगद सोडण्याच्या त्या निःशब्द कृतीत.

आपण खेळाडूचे हात बघतो. थोडं पटरचं, म्हणजे चेंडू असा अलगद सोडायच्या त्या काठीचं, तोंड बघूया, चेंडूला भिडणारी ती चपटी पट्टी. हात कुठल्या वाटेनं आले याचं चेंडूला फारसं सोयरसुतक नसतं. सेकंदाच्या जेमतेम हजाराव्या भागाच्या त्या स्पर्शात पट्टीचं तोंड जिकडे, बहुतांशी तिकडेच तो निघतो. भोकाचा व्यास 108 मिलिमीटर. सपाट हिरवळीवर दहा फुटांवरून निघालेला चेंडू एकच अंश चुकला, तर भोकापाशी तो मध्यापासून 53 मिलिमीटर सरकलेला, म्हणजे थेट काठावर! आणि एक अंश म्हणजे केवढा, तर मिनिटकाटा दहा सेकंदांत सरकतो तेवढा.

लहानपणी आमची बॅट म्हणजे माडाच्या झावळीचा दांडा: बुंध्याशी रुंद, पोटाला खोलगट, पाठीला फुगीर. समोर मारलेला चेंडू त्या फुगीर पाठीवरून निसटून गडग्यापलीकडे जाई आणि दोष आमच्या हातांना लागे. त्या आठवणीनं पटरचा सपाटपणा मला एकदम सात्त्विक वाटला. पण त्याचं सत्त्व राखायचं ते बोटांनी. मूठ आवळली की मनगट पिळतं आणि पटर ऐनवेळी तोंड फिरवतो. म्हणून पकड सैल, मनगटं मुकी, आणि खांद्यांपासून लोंबणाऱ्या हातांचा एकच संथ झोका. मागे जाताना तोंड दारासारखं किंचित उघडतं, येताना मिटत येतं, आणि चेंडूपाशी नेमकं समोर होतं. हे उघडणं-मिटणं जो मुद्दाम करायला जातो त्याचं बहुधा बिनसतं; झोक्याच्या ओघात ते आपसूक घडलेलं पाहण्यात खरी मौज आहे.

पाऊस उघडल्यावर मी एक दांडा तासून सपाट केला, खळ्यात उतरलो आणि रबरी चेंडू तुळशीकडे हलकेच ढकलला. तो जास्वंदीकडे गेला. ढाळावर ढकलावं, तर खळ्याचा ढाळ नेमका उलट्या बाजूला.