नाडी शांत आहे, म्हणजे रिफ्लेक्स शाबूत आहे?

रक्तदाबावर संशोधन करायचं मनात असेल, तर एक जुना निबंध आधी वाचा. १९४९ सालचा, 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मधला, मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांचा. उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना त्यांनी सर्पगंधेच्या मुळीच्या गोळ्या दिल्या आणि बहुतेकांचा दाब उतरला. १९५२ मध्ये या मुळीतून रिसर्पिन वेगळं काढलं गेलं, १९५७ मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला.

काम मोठं आहेच. प्लासिबोचा वेगळा गट नाही, ही त्रुटी कुणीही दाखवेल. माझा आक्षेप निबंधावर कमी आणि आपल्या वाचण्यावर जास्त आहे. 'दाब उतरला, तरी नाडी वाढली नाही. म्हणजे औषध सौम्य', असं आपण सहज म्हणून जातो. इथेच घसरतो.

दाब उतरला की मानेतल्या कॅरोटिड सायनसमधले आणि महाधमनीच्या कमानीतले ग्राहक मेंदूच्या मेड्युलाला कळवतात. तिथून हुकूम सुटतो : ठोके वाढवा, रक्तवाहिन्या आवळा. हायड्रॅलाझिन थेट रक्तवाहिन्या सैल करतं, म्हणून त्यावर नाडी धावते. रिसर्पिनमध्ये हुकूम सुटतो, पण सिंपथेटिक नसांच्या टोकांशी नॉरअॅड्रिनलिनचा साठाच रिता झालेला असतो. बीटा-ब्लॉकरमध्ये रसायन येतं, पण हृदयाकडे त्याला दार बंद. तिघांतही दाब उतरतो; नाडीची गोष्ट मात्र वेगळी. शांत नाडी म्हणजे कधी कधी फक्त हात बांधलेला रिफ्लेक्स.

मग मोजायचं कसं? ऑक्सफर्डच्या स्मिथ, स्लाइट आणि पिकरिंग यांनी १९६९ मध्ये रीत दिली : अँजिओटेन्सिनने दाब थोडा चढवा, आणि दर मिमी पाऱ्यामागे दोन ठोक्यांमधलं अंतर किती मिलिसेकंद वाढतं तो उतार काढा. सुंदर रीत, पण एक खड्डा आहे. करून बघा. नाडी ९० वरून ८५ झाली, तर अंतर ६६७ वरून ७०६, म्हणजे ३९ मिलिसेकंदांनी वाढतं. ६० वरून ५५ झाली, तर १००० वरून १०९१, म्हणजे ९१ ने. ठोके दोन्हीकडे पाचच कमी झाले! मुळातच नाडी मंद करणाऱ्या औषधाने 'रिफ्लेक्स सुधारला' असं कुणी लिहिलं, तर आधी विचारा : सुरुवातीची नाडी किती होती? ठोक्यांच्या हिशेबातही उतार काढला का?

हा नुसता आकड्यांचा खेळ नाही. आमच्या कळवणला कांद्याच्या चाळीत तासभर उकिडवी बसून निवड करणारी आजी उठते आणि तिच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. त्या काही सेकंदांत तिला सावरायचं काम याच रिफ्लेक्सचं. दवाखान्यात मात्र दाब बहुधा बसवूनच मोजतात, आणि तो आकडा चांगला आला की विषय संपतो. तिने गोळी आपल्या मनाने बंद करू नये; डॉक्टरांना अंधारीचं सांगावं, दाब उभं राहूनही मोजून घ्यावा.

आणि तुम्ही? प्रबंधाचा आराखडा लिहिताना औषधाने दाब किती उतरवला, एवढ्यावर थांबू नका. माणूस उभा राहिल्यावर काय झालं, तो रकानाही तक्त्यात ठेवा.