सांधलेला पाइप आणि चुकलेलं अनुमान

तर्कशास्त्राच्या व्याख्यानात पाइप कुठून आला, असं तुम्हाला वाटेल. पण आपल्या नैयायिकांचं अनुमानाचं नेहमीचं उदाहरण धुराचंच आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. तेव्हा आज आपण धूर सोडणाऱ्या एका वस्तूवरून केलेल्या अनुमानाची चिकित्सा करू. अनुमान करणारा आहे शेरलॉक होम्स आणि कथा आहे आर्थर कॉनन डॉयल यांची ‘द यलो फेस’. ती १८९३ साली ‘स्ट्रँड’ मासिकात आली. होम्सचा अंदाज हिच्यात साफ चुकतो, म्हणून पुष्कळ वाचक हिला दुय्यम समजतात. आम्हाला ती होम्सच्या सगळ्या कथांत जास्त विचार करायला लावणारी वाटते. का, ते सांगतो.

होम्सच्या घरात तंबाखू म्हणजे रोजचा व्यवहार. ती तो एका पर्शियन सपातीच्या टोकात ठेवतो. आदल्या दिवशी पाइपात उरलेला चुरा वाळवून सकाळी न्याहारीआधी तोच ओढतो. चिंतनाला मातीचा काळा पाइप, वाद घालायचा असला की चेरीच्या लाकडाचा. चित्रात दिसणारा तो मोठा वाकडा भोपळ्याचा पाइप मात्र कथांमध्ये कुठेच नाही, तो नंतर त्याच्या तोंडात दिला गेला. सांगायचा मुद्दा, पाइप वाचायला या माणसाइतका लायक दुसरा कोणी नव्हता.

कथेच्या सुरुवातीला एक अनोळखी माणूस वाट पाहून कंटाळून निघून जातो आणि पाइप टेबलावर विसरतो. ब्रायरचा जुना पाइप, तोंडाकडची नळी अंबरची. होम्स तो हातात घेतो आणि वाचायला लागतो. मूळ किंमत साडेसात शिलिंग. दोनदा मोडलेला, एकदा लाकडात आणि एकदा अंबरमध्ये, आणि दोन्ही वेळा चांदीचं कडं घालून सांधलेला. प्रत्येक दुरुस्तीला मूळ किमतीपेक्षा जास्त खर्च आला असणार. वाटीची उजवी बाजू करपलेली. काडीने पेटवला तर बाजू करपत नाही, म्हणजे हा दिव्यावर किंवा गॅसच्या ज्योतीवर पेटवतो. उजवा माणूस ज्योतीकडे वाटीची डावी बाजू करेल, म्हणजे हा डावखुरा. अंबरवर दातांच्या खोल खुणा, म्हणजे दात बळकट, अंगात ताकद. आत ग्रोव्हनर मिश्रण, आठ पेन्स औंस. निम्म्या पैशात चांगली तंबाखू मिळत असताना हे घेतो, म्हणजे पैशाची ददात नाही.

हिशेब करून पाहा. साडेसात शिलिंग म्हणजे ९० पेन्स, म्हणजे या तंबाखूचे सव्वाअकरा औंस. तेवढ्यात नवा पाइप आला असता. मग दोनदा सांधायचा कशाला? आम्ही काही वर्षं पाइप ओढला आहे. तब्येतीपायी सोडून बराच काळ झाला, आणि तुम्ही धरू नका हेच सांगू. पण ओढणाऱ्याला हे कोडं पडत नाही. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाची गाठ, ती सहजी जळत नाही. रोज ओढता ओढता वाटीच्या आत कोळशाचा पातळ थर धरतो, आणि मग धूर थंड, मऊ लागतो. नवा पाइप तोंडाला कडवट लागतो. जुन्या पाइपात मालकाची वर्षं साठलेली असतात. ती दुकानात मिळत नाहीत.

इथपर्यंत होम्स अचूक. मग मालक परत येतो. ग्रँट मन्रो, हॉप्सचा व्यापारी. बायको एफी, अटलांटात पहिल्या नवऱ्याची विधवा. ती रात्री तीन वाजता चोरून शेजारच्या घरात जाते, आणि त्या घराच्या खिडकीत एक निर्जीव पिवळा चेहरा दिसतो. होम्स निष्कर्ष काढतो: पहिला नवरा जिवंत आहे आणि तिला धमकावून पैसे उकळतोय. मन्रोने त्या नवऱ्याचा मृत्यूचा दाखला पाहिलेला आहे. होम्स म्हणतो, दाखला दुसऱ्याच कोणाचा असेल! वॉटसन म्हणतो, हा नुसता तर्क आहे. होम्सचं उत्तर असं की यात सगळ्या गोष्टी बसतात तरी.

मंडळी, नेमकं इथे बोट ठेवायचं. धूर असेल तिथे अग्नी असतो, पण अग्नी असेल तिथे धूर असतोच असं नाही. सरपण ओलं असावं लागतं. न्यायशास्त्र याला उपाधी म्हणतं. व्याप्ती खरी वाटते, पण ती एका न सांगितलेल्या अटीवर उभी असते. होम्सची व्याप्ती अशी: बाई लपवते, म्हणजे तिचं काही पाप आहे. यातलं ओलं सरपण कोणतं? बघणाऱ्यांची नजर. माणूस पापामुळे लपवतो, तसाच निष्ठुर नजरेच्या भीतीनेही लपवतो. होम्सने एफीचं वागणं तपासलं, तिच्याभोवतीचा समाज तपासला नाही.

खिडकीतला चेहरा हा मुखवटा निघतो. त्यामागे एफीची मुलगी, लूसी. तिचे वडील कृष्णवर्णीय होते. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत असा विवाह बेकायदा होता, आणि ते कायदे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रद्द केले. एफीला भीती कसली होती, हे आता वेगळं सांगायला नको.

मन्रो बराच वेळ गप्प राहतो. मग मुलीला उचलतो, तिचा मुका घेतो, बायकोकडे दुसरा हात करतो. म्हणतो की मी फार चांगला माणूस नाही, पण तू समजलीस त्यापेक्षा बरा आहे.

आता तो पाइप परत आठवा. मोडलेली वस्तू टाकून न देता जास्त खर्च करून सांधणारा माणूस. खूण होम्सच्या हातात होती. त्याने तिच्यातून दात वाचले, हात वाचला, खिसा वाचला. जपणं त्याला दिसलं, पण त्याची किंमत त्याने शिलिंगातच मोजली.

थांबा, इथे आम्हीही घसरू शकतो. पाइप जपणारा माणसांनाही जपेलच, ही व्याप्ती नाही. पाइप जिवापाड सांभाळून घरच्यांना छळणारेही असतात. त्या खुणेने काही सिद्ध होत नव्हतं. तिने एक शक्यता उघडी ठेवायला सांगितलं होतं, आणि होम्सने ती बंद केली.

कथेत दोषही आहे. मूल वडिलांच्या वळणावर गेलं याला आईच दुर्दैव म्हणते, आणि लेखक तिला अडवत नाही. मुखवटा निघाल्यावर लूसी हसते, पण ती कथेतलं कोडंच राहते, माणूस म्हणून फारशी उभी राहत नाही. मन्रोच्या मोठेपणाला टाळी देताना हे विसरायचं नाही.

शेवटी होम्स वॉटसनला सांगतो की मी पुन्हा फाजील आत्मविश्वास दाखवला, तर माझ्या कानात ‘नॉरबरी’ म्हण. नॉरबरी म्हणजे हे घडलं ते ठिकाण. आम्ही चाळीसेक वर्षं तर्कशास्त्र शिकवलं. इतकं करून हाती लागलं ते एवढंच: वस्तूवरून सवयी कळतात. माणूस वेळेला काय करेल, हे मात्र ती वेळ येईपर्यंत त्यालाही ठाऊक नसतं. तेव्हा शेजारच्या घरात रात्री दिवा दिसला तर निष्कर्ष काढण्याआधी आपणच आपल्या कानात ‘नॉरबरी’ म्हणावं.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.