तिला बोलू द्यायचं होतं

आल्फ्रेड हिचकॉकचा ‘सॅबोटाज’ हा १९३६ सालचा इंग्लिश बोलपट मी दोनदा पाहिला. पहिल्यांदा बॉम्बच्या धास्तीनं, दुसऱ्यांदा मिसेस व्हर्लॉकसाठी.

लंडनमध्ये छोटं थिएटर चालवणारा व्हर्लॉक परक्या सत्तेचे पैसे घेऊन घातपात करतो. सत्ता कुठली, हे सिनेमा शेवटपर्यंत सांगत नाही. राजकारण असं बिननावाचं, मरतं मात्र घरचं पोर. बायकोचा धाकटा भाऊ स्टीव्ही फिल्मच्या डब्यांसोबत नकळत बॉम्ब घेऊन निघतो, वाटेत रेंगाळतो, आणि बसमध्येच पावणेदोन वाजतात. त्या पोराला मारायला नको होतं, असं पुढं हिचकॉकच म्हणाला. मला नाही पटत. तो वाचला असता तर ते जेवणाचं टेबल आलंच नसतं.

नवरा भाजीला नाक मुरडतो, तिलाच समजूत घालतो. ती गप्प. मांस वाढता वाढता सुरी हातात येते. ती खाली ठेवते, पुन्हा हात तिकडंच जातो. आपल्या घरांत असली सुरी नसते, पण तो वाढणारा हात आपल्या ओळखीचा आहे हो! नवऱ्याच्या ध्यानात येतं, तो उठून जवळ येतो. मग तिनं खुपसली, की तोच सुरीवर आला? सिल्व्हिया सिडनीच्या चेहऱ्यावरूनही कळत नाही. जोसेफ कॉनरॅडच्या मूळ कादंबरीत हा संशय नाही. तिथं ती मारते आणि नंतर समुद्रात जीव देते.

माझी तक्रार पुढची. तिला पोलिसांना सगळं सांगायचंय. तिच्यावर जीव जडलेला डिटेक्टिव्ह तिला गप्प करतो, पळून जाऊ म्हणतो. तरी ती तोंड उघडते, तर थिएटरात स्फोट होऊन प्रेत आणि पुरावा दोन्ही जातात. नवरा मेल्याचं ती स्फोटाआधी बोलली की नंतर, हे साहेबालाच आठवत नाही.

आपण आलोचनेला बसतो तेव्हा झालेली चूक आपल्याच तोंडानं सांगतो. हातून घडलं की मनातून, हे त्या बाईलाच ठाऊक होतं. तेवढं एक तिचं स्वतःचं होतं, तेही पुरुषांनी प्रेमानं काढून घेतलं.

सून शेजारी बसून बघत होती. म्हणाली, “बरं झालं, सुटली बिचारी.”

मला काही ती सुटलेली दिसली नाही.