योजनेचे क्रियापद

परभाषेतील शासनव्यवहार मराठीत आणताना नामांची जितकी चिंता वाहिली जाते तितकी क्रियापदांची वाहिली जात नाही. 1960 साली भाषा संचालनालय स्थापन झाले, 1964 साली राजभाषा अधिनियम संमत झाला, पदनामांचे व परिभाषेचे कोश निघाले. अधिकाऱ्यांना नावे मिळाली, खात्यांना मिळाली, समित्यांना मिळाली. परंतु कोणी काय केले हे सांगण्याचे काम वाक्यात क्रियापदाकडे असते. इंग्रजी 'प्लॅन' या शब्दास 'योजना' हा प्रतिशब्द एकदा ठरल्यावर ती योजना करावयाची, रचावयाची, आखावयाची की तयार करावयाची, हा प्रश्न जणू लेखनिकाच्या लहरीवर सोपविण्यात आला. तो प्रश्न इतका किरकोळ नाही.

त्याची परीक्षा पाहण्यास देहूरोडचा परिसर सोयीचा आहे. जुन्या पुणे-मुंबई रस्त्यावरील ही वस्ती लष्करी कोठारांभोवती वाढलेली, कटक मंडळाच्या हद्दीतील. तेथील जमिनीच्या वापरासंबंधी 2006 चा केंद्रीय कटक अधिनियम बोलतो. रस्त्याने थोडे पुण्याकडे सरकले की निगडी, रावेत ही पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेतील ठिकाणे लागतात आणि 1966 चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम सुरू होतो. याच बाजूस 1972 पासून पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण काम करीत होते. 2021 साली ते पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात विलीन झाले. (निगडीच्या लोकांनी मात्र 'प्राधिकरण' हे वस्तीचेच नाव करून टाकले आहे, संस्था गेली तरी नाव राहिले.) काही मैलांच्या टापूत जमिनीचा विचार करणाऱ्या इतक्या संस्था असल्यावर योजनेसंबंधीची वाक्ये तेथील रहिवाशाच्या कानावर वारंवार पडणारच.

प्रथम इंग्रजी क्रियापदे पाहावीत. कार्यालयात व महाविद्यालयात सध्या 'फॉर्म्युलेट' या शब्दाचा मोठा दरारा आहे. सहलीची योजनाही 'फॉर्म्युलेट' केली म्हणजे अर्ज भारदस्त झाला, अशी समजूत दिसते. हा शब्द लॅटिन 'फॉर्म्युला' या नामावरून एकोणिसाव्या शतकात रूढ झालेला असून, मोघम विचारास नेमक्या शब्दांचे वा सूत्राचे रूप देणे हा त्याचा गाभा आहे. म्हणून तो धोरणास, तत्त्वास, प्रश्नाच्या मांडणीस शोभतो. 'ड्रॉ अप' हा कागदाशी बांधलेला आहे. करारनामा, यादी, वेळापत्रक यांना तो योग्य. 'फ्रेम' हे भारतीय विधिव्यवहारातील आवडते क्रियापद. नियम आणि आरोप यांना ते लागते. 'डिव्हाइज' मध्ये युक्तीचा अंश आहे, शिवाय मृत्युपत्राने स्थावर देणे असा त्याचा वेगळा विधिविषयक अर्थही आहे. त्यामुळे कायद्याच्या मसुद्यात तो जपून वापरावा लागतो. 'प्रिपेअर' सर्वांत साधा. त्याच्या लॅटिन मुळात 'आधी' असा अर्थ देणारा उपसर्ग आहे. पुढे काहीतरी व्हावयाचे आहे, त्यासाठी आधी सिद्ध करणे, असे त्याचे स्वरूप.

आता कोणती संहिता कोणते क्रियापद निवडते ते लक्षात घेण्यासारखे आहे. 15 मार्च 1950 च्या ज्या ठरावाने नियोजन आयोग अस्तित्वात आला त्यात आयोगाने योजना 'फॉर्म्युलेट' करावी असे म्हटले होते. 2015 साली त्याची जागा नीती आयोगाने घेतली, तेव्हाच्या ठरावातही ग्रामपातळीवरील विश्वासार्ह योजनांच्या संदर्भात तेच क्रियापद आले. हे दोन्ही कार्यकारी ठराव होत. उलट 1992 च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जिल्हा नियोजन समितीवर विकास योजनेचा मसुदा 'प्रिपेअर' करण्याची जबाबदारी टाकली, आणि 1966 चा अधिनियमही विकास योजनेसाठी 'प्रिपेअर' हेच क्रियापद वापरतो. यात केवळ शैलीचा भेद नाही. 'फॉर्म्युलेट' केलेली वस्तू विचारात असू शकते. 'प्रिपेअर' केलेली वस्तू टेबलावर ठेवता आली पाहिजे, तिच्यावर तारीख घालता आली पाहिजे, तिच्याविरुद्ध हरकत घेता आली पाहिजे. विधिमंडळाने भारदस्त शब्द सोडून साधा शब्द घेतला तो यासाठी, असे मानण्यास जागा आहे. औपचारिक इंग्रजी लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने एवढे जरी ध्यानात ठेवले तरी 'फॉर्म्युलेट' चा अर्धा अपव्यय थांबेल.

मराठीत अडचण दुहेरी होते. मूळ अधिनियमात 'डेव्हलपमेंट प्लॅन' वेगळा आणि 'टाउन प्लॅनिंग स्कीम' वेगळी. पहिल्याला 'प्रिपेअर', तर दुसरीचा इरादा जाहीर करताना 'मेक'. मराठी व्यवहारात एक 'विकास योजना' आणि दुसरी 'नगररचना योजना'. शिवाय घरकुलाची, शिष्यवृत्तीची, पेन्शनचीही योजनाच. नाम एकच झाले, क्रियापदही 'तयार करणे' एकच झाले, आणि तिन्ही गोष्टी ऐकणाऱ्याच्या मनात एकमेकींत मिसळल्या. लोकांनी आपल्यापुरता मार्ग काढला: ते 'डीपी' आणि 'टीपी' म्हणतात. परिभाषेच्या अभिमान्यांनी या अक्षरांना हसू नये. जो भेद आपल्या परिभाषेने गमावला तो त्यांनी राखला आहे.

'तयार करणे' हा 'प्रिपेअर' चा प्रतिशब्द कोशाच्या दृष्टीने निर्दोष वाटतो. परंतु मराठी 'तयार' या शब्दाचा झोक पूर्णतेकडे आहे. जेवण तयार म्हणजे पान वाढावयाचे. आंबा तयार म्हणजे खावयाचा. गवई तयार म्हणजे त्याचे शिकणे बव्हंशी झालेले. तेव्हा 'विकास योजना तयार झाली' हे वाक्य इंग्रजीत जेथे आरंभ सुचविते तेथे मराठीत शेवट सुचविते. ज्या शेतकऱ्याच्या गटातून रस्ता दाखविला आहे त्याने हे वाक्य वाचून 'आता काय उरले' असे म्हटले, तर दोष त्याच्या अज्ञानाचा म्हणता येणार नाही; त्याने आपली भाषा बरोबर वाचली. वास्तविक हरकती व सूचनांचा काळ तेथूनच सुरू व्हावयाचा असतो. अधिकृत मराठीत अशा वेळी 'प्रारूप' हा शब्द पुढे जोडतात, पण नकार देण्याची सवड अजून आहे, हा अर्थ त्यातून सामान्य वाचकापर्यंत पोहोचत नाही. 'मसुदा' हा शब्द घरोघर ठाऊक असता तो का टाकला, याचे समर्थन करणे कठीण आहे.

याहून गंभीर गोष्ट कर्त्याची आहे. सूचनांची मराठी बहुधा 'तयार करण्यात येत आहे', 'आखण्यात आली आहे' अशा कर्मणी वळणाने चालते. इंग्रजी अधिनियमात 'नियोजन प्राधिकरणाने' हा कर्ता ठळक उभा असतो. मराठी सूचनेत तो शीर्षकात राहतो व वाक्यातून नाहीसा होतो. बोलीने पुढचे पाऊल टाकले. 'जागेवर आरक्षण पडले', 'मळ्यातून रस्ता गेला' असे लोक म्हणतात. ही दोन्ही क्रियापदे अकर्मक आहेत. पाऊस पडतो, गारा पडतात, तसे आरक्षण पडते. त्याला करणारा कोणी नाही, म्हणून विचारावयाचे कोणाला हा प्रश्नही उरत नाही. बोलीने हे वळण आपखुशीने घेतले असे मानण्यापेक्षा, कागदाने जो कर्ता लपविला त्याची ही पडछाया आहे असे मानणे अधिक सयुक्तिक होईल.

यास्तव 'आखणे' या क्रियापदाचा फेरविचार व्हावा. वृत्तपत्रांनी बेत, मोहीम, धोरण सर्वच आखून त्याला बोथट केले आहे हे खरे. तरीही त्याचा मूळ अर्थ अद्याप जिवंत आहे: वही आखतात, पायाची आखणी चुन्याच्या फक्कीने करतात, आखीव-रेखीव असा जोडशब्द सर्वांच्या तोंडी आहे. आखणे हे सकर्मक. आखणारा हात आणि रेघ दोन्ही त्यात गृहीत आहेत. आखलेली रेघ पुसता येते, हाही अर्थ त्यातून सुटत नाही. भारतीय इंग्रजी वृत्तपत्रांत 'चॉक आउट' या प्रयोगाची जी आवड दिसते तिच्यामागे आपल्या भाषांतील याच कल्पनेचे पाठबळ असावे. औपचारिक इंग्रजीत मात्र तो टाळलेला बरा; तेथे नकाशासाठी 'ड्रॉ अप' वा 'प्रिपेअर' पुरते. मराठीत जमिनीवर रेषा उमटविणाऱ्या योजनेसाठी 'आखणे' राखून ठेवावे, धोरणासाठी 'ठरविणे' वा 'मांडणे' घ्यावे, आणि 'तयार करणे' हे मसुदा या नामाशिवाय एकटे वापरू नये.

काळाचा हिशेबही या क्रियापदांवर अवलंबून आहे. 1966 च्या अधिनियमातील कलम 127 प्रमाणे आरक्षित जमीन दहा वर्षांत संपादित झाली नाही तर मालकास सूचना देऊन आरक्षण व्यपगत करवून घेण्याचा मार्ग खुला होतो. ही दहा वर्षे योजना अंतिम होऊन अंमलात आल्यापासून मोजावयाची. ती आखली, तयार केली वा प्रसिद्ध केली त्या दिवसापासून नव्हे. इरादा जाहीर करणे, मसुदा तयार करणे, प्रसिद्ध करणे, शासनास सादर करणे, मंजूर करणे, अंमलात येणे अशा पायऱ्या अधिनियमाने वेगवेगळ्या क्रियापदांनी दाखविल्या असता, वार्ता व चर्चा यांत त्या सर्वांसाठी 'डीपी झाला' एवढेच उरते. 'प्राधिकरणाने विकास योजनेचा मसुदा अमुक तारखेस तयार करून प्रसिद्ध केला आहे. शासनाने तो अद्याप मंजूर केलेला नाही' या वाक्यात दोन कर्ते आहेत, एक तारीख आहे आणि एक नकार आहे. प्रचलित सूचनेपेक्षा ते फार तर एका ओळीने लांब भरेल.