अमोल मुझुमदार आणि पडद्यावरचा कबीर खान

मंडळी, २ नोव्हेंबर २०२५ हा रविवार, म्हणजे आपल्या बहरीनमध्ये कामाचा दिवस. तरीही नवी मुंबईतली फायनल संपेपर्यंत आमच्या घरात कुणी टीव्हीसमोरून हललं नाही. आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला आणि प्रशिक्षक अमोल मुझुमदार लगेच 'खऱ्या आयुष्यातला कबीर खान' ठरला! मला ही तुलना खटकली, म्हणून २००७ चा 'चक दे! इंडिया' पुन्हा पाहिला.

सिनेमा आजही आवडला. वेगवेगळ्या राज्यांतल्या मुली भांडत भांडत एक संघ होतात, तो भाग जयदीप साहनींनी फार छान लिहिलाय. पण सगळी कथा उभी आहे ती कबीर खानवरच्या कलंकावर. पाकिस्तानविरुद्ध पेनल्टी स्ट्रोक चुकतो, लोक त्याला गद्दार म्हणतात आणि तो डाग पुसायला मुलींचा विजय कामी येतो. अगदी शेवटच्या क्षणी गोलरक्षक विद्याला इशारा करतो तोही कबीरच. चषक मुली जिंकतात, सिनेमा मात्र त्याचा राहतो.

मुझुमदारवर कसला डाग? १९८८ मध्ये हॅरिस शील्डमध्ये तेंडुलकर-कांबळींची ६६४ धावांची भागीदारी चालू असताना शारदाश्रमचा हा मुलगा पॅड बांधून बसून राहिला, हा किस्सा आपण चवीने सांगतो. 'बिचारा' म्हणायला तो सोयीचा आहे. पुढचं फारसं सांगत नाही. १९९४ मध्ये रणजी पदार्पणातच हरियाणाविरुद्ध २६०, प्रथम श्रेणी पदार्पणातला तेव्हाचा विश्वविक्रम. एकूण १७१ सामने, ११,१६७ धावा, ३० शतकं. २००६-०७ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली मुंबईला रणजी करंडक. पुढे आसाम आणि आंध्र. भारताची कॅप मात्र कधीच नाही. मग राजस्थान रॉयल्स, २०१९ च्या भारत दौऱ्यावरचा दक्षिण आफ्रिकेचा संघ, मुंबई आणि ऑक्टोबर २०२३ पासून भारतीय महिला संघ. यात प्रायश्चित्त कुठे आहे? एकेक पायरी चढत केलेलं हे काम आहे.

२०२५ च्या स्पर्धेत भारत लागोपाठ तीन सामने हरला. इंग्लंडविरुद्ध वगळलेली जेमिमा न्यूझीलंडविरुद्ध तिसऱ्या क्रमांकावर परत आली आणि उपांत्य सामन्यात त्याच जागेवरून तिने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा काढल्या. फायनलमध्ये शफालीच्या हाती चेंडू दिला तो कर्णधार हरमनप्रीतने. शफालीने दोन बळी घेतले. शेवटचा झेलही हरमनप्रीतचाच. प्रशिक्षक सीमारेषेबाहेर होता. सिनेमाला हे दाखवता आलं नसतं, कारण त्याला नायक एकच हवा होता.

हे सगळं लिहावंसं वाटलं ते आपल्या मुलांमुळे. शुक्रवारी सकाळी त्यांना मैदानावर सोडताना आपण विचारतो, "यातून पुढे काय?" दहावी आली की बॅट माळ्यावर जाते. देशाकडून खेळला तरच खेळ सार्थकी लागला, हा आपला हिशेब आणि 'बिचारा अमोल' हा किस्सा त्यालाच खतपाणी घालतो. तेव्हा 'चक दे' मुलांबरोबर जरूर पाहा. सिनेमा संपल्यावर मात्र त्यांना ते ११,१६७ धावांचं सांगा. त्यांतली एकही भारताकडून नाही आणि तरी त्यांतली एकही वाया गेली नाही.